पेशीचा ताण: मारणारा की तारणारा?

एएलएस या मज्जापेशींच्या आजारावरची आणखी दोन औषधे जानेवारी २०२५ मध्ये आपटली. एक डिनालीचे डीएनएल३४३, दुसरे कॅलिको आणि अ‍ॅबव्हीचे फोसिगोटिफेटर. त्याआधी एप्रिल २०२४ मध्ये रेलिव्रिओ हे औषध त्याच्या कंपनीनेच बाजारातून मागे घेतले होते, मान्यता मिळून दोन वर्षेही झाली नव्हती. तिन्हींच्या मुळाशी विचार साधारण एकच: मज्जापेशी ताणाखाली येते, त्या ताणाचा गलबला शमवला तर ती वाचेल. बातम्या 'चाचणी अयशस्वी' एवढ्यावर थांबल्या. यात चुकते कुठे, हे समजून घ्यायचे तर मेंदूपेक्षा डोळा बरा.

स्टॅनफर्डचे पॅथॉलॉजिस्ट जोनाथन लिन बरीच वर्षे डोळ्यातच ठाण मांडून आहेत. दृष्टिपटलातली दंडपेशी रोज आपल्या टोकाचा सुमारे दहावा हिस्सा टाकून देते आणि तेवढाच नवा बांधते. या बांधकामाला ऱ्होडॉप्सिन हे प्रथिन ढिगाने लागते. त्यात ३४८ अमिनो आम्ले असतात. २३व्या जागी प्रोलिनऐवजी हिस्टिडिन बसले की प्रथिनाची घडीच नीट पडत नाही. पी२३एच नावाचा हा दोष १९९० मध्ये सापडला. त्यातून होणाऱ्या रेटिनायटिस पिगमेंटोसा या डोळ्याच्या आजारात आधी रात्रीचे दिसेनासे होते, मग नजर कडांकडून आक्रसत येते. रातांधळेपणा म्हटले की आपल्याकडे लगेच गाजर पुढे करतात. गाजराने ही घडी सुधारत नाही.

बिघडलेली प्रथिने आंतर्द्रव्यजालिकेत, म्हणजे पेशीत प्रथिने घडवणाऱ्या जाळ्यात, साचू लागली की पेशीतले तीन पहारेकरी जागे होतात: आयआरई१, पर्क आणि एटीएफ६. लग्नाच्या पंगतीत भात करपला तर कुणी नवी पंगत बसवणे थांबवतो, कुणी जादा आचारी बोलावतो, कुणी करपलेले पातेले मागच्या दाराने बाहेर काढतो, तशी यांची धावपळ. पर्कचे काम नव्या प्रथिनांची बांधणी थांबवण्याचे. मात्र तो थांबवतच राहिला तर पेशी मरणाच्या वाटेला लागते.

पीटर वॉल्टर यांच्या प्रयोगशाळेत असताना लिन यांनी २००७ मध्ये 'सायन्स'मध्ये दाखवले, की ताण रेंगाळला तर आयआरई१ थकून गप्प होतो आणि पर्क मात्र चालूच राहतो. पी२३एच असलेल्या प्रयोगशाळेतल्या उंदरांच्या दृष्टिपटलातही आयआरई१ असाच मंदावलेला दिसला. मग त्यांनी पेशींमध्ये रसायन वापरून आयआरई१ला मुद्दाम जागे ठेवले. पेशी जास्त तगल्या! म्हणजे तिथे ताणाची प्रतिक्रिया कमी करून नव्हे, तिचा एक भाग वाढवून फायदा झाला.

मग पर्क खलनायक? २०१३ मध्ये जोव्हाना मलुची यांच्या गटाने प्रायॉनची लागण झालेल्या उंदरांत पर्क रोखला आणि मेंदूचा ऱ्हास थांबवला. जगभर मथळे झळकले. उंदरांचे वजन घटले, स्वादुपिंडाला त्रास झाला, हे त्या मथळ्यांत कुठेच नव्हते. त्याच्या दोनच वर्षे आधी, २०११ मध्ये, पीएसपी या मेंदूच्या आजाराचा धोका वाढवणाऱ्या जनुकांच्या यादीत पर्कचे जनुक आले होते. लिन यांच्या गटाने २०१८ मध्ये त्या धोक्याच्या आवृत्तीची तपासणी केली, तर ती आवृत्ती जोरकस नव्हे, दुबळी निघाली. एका आजारात पर्क जास्त बोलतो म्हणून नुकसान, दुसऱ्यात तो कमी बोलतो म्हणून. आणि तो जन्मापासून मुकाच असेल तर वोल्कॉट-रॅलिसन सिंड्रोम: तान्ह्या वयातच मधुमेह. असल्या रेणूला सरसकट गप्प करणारी गोळी सर्वांना चालेल, असे मानण्याची घाई मला तरी पटत नाही.

एटीएफ६ची गोष्ट मला सर्वांत विलक्षण वाटते. हा पहारेकरी शरीरभर आहे. यकृतात आहे, स्वादुपिंडात आहे. तरी २०१५ मध्ये तो निकामी असलेली माणसे सापडली ती कुठे? अ‍ॅक्रोमॅटॉप्सियाच्या रुग्णांत! त्यांना जन्मापासून रंग दिसत नाहीत आणि उजेड सोसवत नाही. २०२१ मध्ये लिन यांच्या गटाने अशा रुग्णांच्या पेशींपासून ताटलीत चिमुकली दृष्टिपटले वाढवली. त्यांत दंडपेशी नीट वाढल्या, रंग टिपणाऱ्या शंकूपेशी मात्र आकाराला आल्याच नाहीत. रुग्णांच्या डोळ्यांच्या प्रतिमांतही नेमके तेच दिसले. म्हणजे ज्याला आपण संकटकाळचा पहारेकरी समजत होतो, तो शंकूपेशी घडवणाराही निघाला.

याच प्रयोगात एटीएफ६ला जागवणारा एक छोटा रेणू काही रुग्णांच्या ताटलीतल्या दृष्टिपटलांवर वापरला, तेव्हा शंकूपेशी वाढू लागल्या. 'काही' महत्त्वाचे, दोष कुठला यावर सारे अवलंबून. जिथे एटीएफ६ मुळात तयारच होत नाही, तिथे जागवायला कुणी नाही. एएलएसच्या चाचण्यांत मात्र कारणे वेगवेगळी असलेले रुग्ण एकाच औषधाच्या रांगेत बसवले जातात. पुढच्या चाचणीची बातमी आली की औषधाच्या नावाआधी मी हे शोधणार: कोणते रुग्ण घेतले, आणि त्यांच्या पेशीत कोणता पहारेकरी बिघडला आहे हे कुणी तपासले होते का?