दुखापत आणि दीर्घ पल्ल्याची धाव : बीड जिल्ह्याच्या संदर्भात एक विवेचन

प्रस्तावना

मॅरेथॉन शर्यतीचे अंतर ४२.१९५ किलोमीटर आहे. एका पावलाचे अंतर सरासरी एक मीटर धरले तरी धावपटूची पावले चाळीस हजारांहून अधिक वेळा जमिनीवर पडतात आणि प्रत्येक वेळी शरीराच्या वजनाच्या दोन ते तीन पट भार पायाला पेलावा लागतो. अशी शर्यत दुखापत असताना धावावी काय, हा प्रश्न वरवर पाहता वैयक्तिक जिद्दीचा वाटतो. परंतु बीडसारख्या कोरडवाहू व ऊसतोड मजुरांच्या जिल्ह्यात धावणे हा अनेकांसाठी छंद नसून सैन्यभरती, पोलीसभरती वा रोख पारितोषिकाकडे जाणारा मार्ग आहे. तेथे थांबण्याची किंमत मोठी असते आणि न थांबण्याची त्याहून मोठी ठरू शकते. म्हणूनच या प्रश्नाचा शरीरशास्त्राच्या आधारे विचार करणे आवश्यक वाटते.

एकाच शर्यतीतील दोन निर्णय

२० ऑक्टोबर १९६८ रोजी मेक्सिको सिटी येथे झालेल्या ऑलिंपिक मॅरेथॉनचा दाखला क्रीडाविषयक भाषणांतून नेहमी दिला जातो. टांझानियाचा जॉन स्टीफन अखवारी शर्यतीत पडला, त्याच्या गुडघ्याला इजा झाली, तरी लंगडत त्याने शर्यत पूर्ण केली. विजेत्या मामो वोल्डेनंतर तासाहून अधिक वेळाने तो ५७ वा, म्हणजे शेवटचा, आला. याच शर्यतीत १९६० व १९६४ चा विजेता अबेबे बिकिला पायाची जुनी दुखापत घेऊन उतरला होता. सुमारे १७ किलोमीटरनंतर त्याने शर्यत सोडली. आपण विद्यार्थ्यांना अखवारी सांगतो, बिकिला सांगत नाही. वास्तविक दोघांच्या दुखापती निराळ्या होत्या. एकाला धावताना पडून अकस्मात इजा झाली, तर दुसऱ्याच्या पायात ती शर्यतीपूर्वीपासूनच होती. अखवारीने पुढे १९७० च्या राष्ट्रकुल स्पर्धेतील मॅरेथॉनमध्ये पाचवा क्रमांक मिळवला, ही गोष्ट मात्र क्वचितच सांगितली जाते.

ब्रिटनच्या पॉला रॅडक्लिफचे उदाहरण अधिक बोधक आहे. ऑगस्ट २००४ मध्ये अथेन्स ऑलिंपिकपूर्वी तिचा पाय दुखावला होता. त्यासाठी घेतलेल्या दाहशामक औषधांनी पोट बिघडले आणि खाल्लेले अन्न अंगी लागेनासे झाले. सुमारे ३६ किलोमीटरनंतर तिला थांबावे लागले. अकरा आठवड्यांनी, नोव्हेंबर २००४ मध्ये, तिने न्यूयॉर्क मॅरेथॉन जिंकली. २००८ साली मात्र मांडीच्या हाडाचे स्ट्रेस फ्रॅक्चर होऊन काही महिनेच लोटले असताना ती बीजिंगला धावली आणि २३ वी आली.

वेदना आणि इजा यांतील भेद

धावण्याच्या भाराने हाडात सूक्ष्म तडे जातात. शरीर प्रथम तो झिजलेला भाग काढून टाकते आणि नंतर तेथे नवे हाड घालते. काढण्याचे काम काही आठवड्यांत उरकते, भरण्याचे काम मात्र सुमारे तीन महिने चालते. या मधल्या काळात हाड पूर्वीपेक्षा दुर्बल असते. भरतीची जाहिरात निघाली म्हणून एकाएकी सराव वाढविणाऱ्या मुलाची नडगी तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात दुखू लागते, त्यामागे बहुधा हेच कारण असते. श्वास आणि स्नायू तयार झालेले असतात, हाड झालेले नसते. मुलाला आपण सुधारत आहोत असे वाटते, आणि घड्याळही तेच सांगते.

कंडरेची गोष्ट वेगळी आहे. टाचेमागील अकिलीस कंडरेच्या दुखण्यावर स्वीडनमध्ये झालेले एक संशोधन २००७ साली प्रसिद्ध झाले. वेदना दहापैकी पाचच्या वर जाऊ न देता आणि ती दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत ओसरते याची खात्री करून धावणे चालू ठेवले, तर रुग्णांच्या सुधारणेत बाधा येत नाही, असे त्यात दिसून आले. म्हणजे 'दुखते आहे, थांब' हा सरसकट सल्लाही शास्त्रीय नव्हे. परंतु हा नियम हाडाला लागू करणे घातक होय. हाडावरील एकाच ठिकाणी बोटाने दाबले असता कळ येणे, धावताना दुखणे कमी होण्याऐवजी वाढत जाणे, रात्री विश्रांतीतही ठणकणे आणि चाल बदलणे, यांपैकी काहीही आढळल्यास धाव त्या दिवशीच थांबवावी. मांडीचा सांधा वा जांघ खोलवर दुखत असेल तर विशेष सावध राहावे. खुब्यालगतच्या हाडातील तडा सरकला तर शस्त्रक्रिया अटळ होते आणि त्या भागाचा रक्तपुरवठा तुटल्यास सांधा कायमचा निकामी होऊ शकतो.

वेदनाशामक गोळी घेऊन धावणे हा प्रकार आपल्याकडे सर्रास चालतो. डायक्लोफेनॅक किंवा आयबुप्रोफेनसारखी औषधे मूत्रपिंडातील रक्तप्रवाह टिकविणाऱ्या रसायनांची निर्मिती रोखतात. मराठवाड्याच्या उन्हात घामाने शरीरातील पाणी कमी झालेले असताना हा परिणाम अधिक धोकादायक ठरतो. शिवाय गोळीने तडा भरत नाही, केवळ त्याची सूचना देणारी वेदना बंद होते.

येथे आहाराचाही विचार करावा लागतो. सरावाच्या मानाने अन्न कमी पडले तर हाड भरण्याचे काम मंदावते. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने २०१४ साली या अवस्थेची स्वतंत्र दखल घेतली. मुलींमध्ये मासिक पाळी अनियमित होणे वा थांबणे ही तिची ठळक खूण आहे. ती क्रीडाशिक्षकापर्यंत पोहोचत नाही, कारण विचारण्याची रीतच नाही.

बीडचा दाखला

आष्टी तालुक्यातील मांडवा गावचे अविनाश साबळे हे शेतकरी कुटुंबातील. बारावीनंतर ते ५ महार रेजिमेंटमध्ये दाखल झाले, सियाचीनला राहिले आणि २०१५ नंतर क्रॉसकंट्रीकडे वळले. सैन्याने त्यांना खेळ दिला, हा क्रम लक्षात घेण्याजोगा आहे. घोट्याच्या दुखापतीमुळे २०१८ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेची पात्रता त्यांच्या हातून निसटली. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये भुवनेश्वर येथे ३००० मीटर स्टीपलचेसमध्ये ८ मिनिटे २९.८० सेकंद वेळ नोंदवून त्यांनी गोपाल सैनी यांचा १९८१ चा राष्ट्रीय विक्रम मोडला. नोव्हेंबर २०२० मध्ये दिल्लीची अर्धमॅरेथॉन त्यांनी १ तास ३० सेकंदांत पूर्ण केली. २०२३ च्या हांगझोऊ आशियाई स्पर्धेत त्यांना स्टीपलचेसचे सुवर्ण मिळाले. जुलै २०२५ मध्ये मोनॅको येथील शर्यतीत ते पडले, गुडघ्यातील एसीएल हा अस्थिबंध व मेनिस्कस ही कूर्चा फाटली आणि शस्त्रक्रिया करावी लागली. सप्टेंबरमधील टोकियो जागतिक स्पर्धेची पात्रता हाती असूनही त्यांना तेथे धावता आले नाही.

अशा खेळाडूमागे वैद्यक, वेतन आणि पुनर्वसनाची व्यवस्था असते. आपल्या महाविद्यालयातील धावपटूमागे ती नसते, म्हणून थांबण्याचा सल्ला त्याला परवडणारा करून द्यावा लागतो. संघनिवडीच्या वेळी जखमी विद्यार्थ्याचे नाव कायमचे वगळण्याऐवजी राखीव ठेवता येते. नडगीच्या साध्या स्ट्रेस फ्रॅक्चरला बहुधा सहा ते आठ आठवडे विश्रांती लागते. चालताना वेदना नसेल तर डॉक्टरांच्या संमतीने या काळात सायकल चालवून हृदय व फुप्फुसांची क्षमता बरीचशी टिकवता येते, आणि सायकल तर बहुतेक गावांत असतेच. पुन्हा धावताना पहिल्या आठवड्यात दोन मिनिटे चालणे व एक मिनिट धावणे असा क्रम ठेवून, एक दिवसाआड, मऊ मातीवर सुरुवात करावी. दुसऱ्या दिवशी सकाळी बोटाने तीच जागा दाबून पाहावी. तेथे कळ आली तर एक पायरी मागे यावे, न आल्यास धावण्याचे मिनिट वाढवावे.