शाळेच्या आवारातील शेती

माध्यमिक शिक्षणाचा विचार करण्यासाठी डॉ. लक्ष्मणस्वामी मुदलियार यांच्या अध्यक्षतेखाली १९५२ साली जो आयोग नेमला गेला, त्याने सुचविलेल्या सात शाखांत कृषीस स्वतंत्र स्थान होते, आणि ग्रामीण शाळांतील कृषिशिक्षणात उद्यानविद्या, पशुसंवर्धन व कुटीरोद्योग यांचाही अंतर्भाव असावा, अशी त्याची शिफारस होती. शिफारस दप्तरी दाखल होणे सोपे; परंतु पाणी, अवजारे आणि मातीत हात घालणारा शिक्षक यांची तजवीज नसेल तर हा विषय वहीतच उगवतो व वहीतच वाळतो. वास्तविक आंब्याच्या कोयकलमाचा एकच पाठ पाहावा: पावसाळ्यात, पाने अद्याप तांबूस असलेल्या कोवळ्या रोपाचा शेंडा छाटून खोडास मधोमध उभी चीर द्यावयाची, जातिवंत झाडाच्या तेवढ्याच जाडीच्या काडीस पाचरीसारखा काप घेऊन ती चिरेत बसवावयाची आणि साल सालीस जुळवून पट्टीने घट्ट बांधावयाचे, एवढ्या कृतीत वनस्पतिशास्त्राची कितीतरी पृष्ठे सामावतात. पुणे जिल्ह्यातील पाबळ येथे डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये स्थापिलेल्या विज्ञान आश्रमाच्या शालेय अभ्यासक्रमात आठवी ते दहावीचे विद्यार्थी आठवड्यातून एक दिवस हातांनी काम करतात, आणि त्यात शेती-पशुपालन हा एक स्वतंत्र विभाग आहे.