बोंबील

बोंबील (शास्त्रीय नाव: हार्पाडॉन नेहेरियस) हा सायनोडोंटिडी कुलातील सागरी मासा आहे. मऊ शरीर, रुंद जबडा आणि बाकदार दात यांमुळे तो खोल समुद्रातील मासा वाटतो. त्याच्या वंशातील काही जाती खरोखरच तेथे राहतात. मुंबईच्या बाजारातला बोंबील मात्र किनाऱ्यालगतच्या गढूळ पाण्यातून येतो.

ओळख

शरीर लांबट, फिकट व काहीसे पारभासक असते. लांबी साधारणतः २५ सेंमी., क्वचित ४० सेंमी. पर्यंत भरते. मांसात सुमारे ९० टक्के पाणी असते. डोळे लहान असून खालचा जबडा वरच्यापेक्षा पुढे आलेला असतो. खवले केवळ शरीराच्या मागील भागावर आढळतात. सर्वांत खात्रीची खूण शेपटीत आहे: अंगाच्या बाजूने जाणारी पार्श्वरेखा शेपटीच्या परात शिरते व तेथे तिसरी, मधली पाळी तयार होते.

ही खूण वंश सांगते. जाती ठरवण्यासाठी छातीजवळचे पर पाहावे लागतात. बोंबलात ते लांब असतात, तर खोल पाण्यातील हार्पाडॉन मायक्रोकायर या जातीत आखूड. ‘मायक्रोकायर’चा अर्थच ‘लहान हाताचा’ असा आहे. हार्पाडॉन स्क्वामोसस ही दुसरी खोल पाण्यातील जाती आल्कॉक यांनी १८९१ मध्ये बंगालच्या उपसागरातून नोंदवली.

आढळ

हॅमिल्टन यांनी १८२२ मध्ये या माशाचे पहिले शास्त्रीय वर्णन केले, तेही मुंबईचे नव्हे, तर गंगेतील माशांवरील ग्रंथात. भारतात त्याचा आढळ तुटक आहे. गुजरात-महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर तो विपुल आहे, रत्नागिरीच्या दक्षिणेस विरळ होतो आणि पुन्हा आंध्र, ओडिशा व बंगालच्या किनाऱ्यावर मिळतो. वाळूमिश्रित चिखलाचा तळ त्याला मानवतो. पावसाळ्यात त्याचे थवे अन्नासाठी नदीमुखांजवळ येतात.

मुंबई उपनगरात अंधेरीजवळचे वेसावे (वर्सोवा), तसेच मढ, मनोरी व गोराई येथील कोळी तो ‘डोल’ जाळ्याने पकडतात. पिशवीसारखे हे जाळे एका जागी बांधून त्याचे तोंड भरती-ओहोटीच्या प्रवाहाकडे ठेवतात. मासा प्रवाहाबरोबर आत येतो. पाणीदार मांस लवकर नासत असल्याने उरलेले बोंबील जबड्यात जबडा अडकवून उन्हात वाळवतात.

डोलीचे शेवटचे आस बारीक असल्याने पिल्लेही अडकतात. यासाठी राज्य शासनाने २०२३ मध्ये पकडण्यायोग्य बोंबलाची किमान लांबी १८० मिमी. ठरवली.