पर्यावरण प्रकल्पाची वही आणि खुली अध्यापनपद्धती

प्रस्तावना

उच्च शिक्षणात व्याख्यानाइतकेच स्वाध्याय व प्रकल्प यांनाही महत्त्व आहे, हे तत्त्व सर्वांना मान्य आहे. प्रत्यक्षात मात्र विद्यार्थ्याने लिहिलेला प्रकल्प एकच व्यक्ती वाचते, आणि तीही गुण देण्यापुरती. नंतर त्या वह्यांचे गठ्ठे कपाटावर जातात आणि काही वर्षांनी रद्दीत निघतात. पदवी स्तरावरील पर्यावरण प्रकल्प हे याचे सर्वांत परिचित उदाहरण होय.

नोव्हेंबर १९९१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एम. सी. मेहता प्रकरणात पर्यावरण शिक्षण अनिवार्य करण्याविषयी निर्देश दिले. पुढे विद्यापीठ अनुदान आयोगाने सर्व विद्याशाखांसाठी गाभा अभ्यासक्रम तयार केला आणि पुण्याचे डॉ. एरच भरुचा यांनी आयोगासाठी त्याचे पाठ्यपुस्तक लिहिले. या अभ्यासक्रमाचा आठवा घटक पूर्णतः क्षेत्रकार्याचा होता. आपल्या परिसरातील नदी, टेकडी, प्रदूषित स्थळ, पक्षी व वनस्पती यांची नोंद विद्यार्थ्याने स्वतः करावी, अशी त्यात अपेक्षा होती आणि त्यासाठी शंभरांपैकी २५ गुण होते. आयोगाने २०२३ मध्ये आखलेल्या नव्या आराखड्यातही क्षेत्रकार्याला स्थान आहे. मग ‘जलप्रदूषण : कारणे व उपाय’ या शीर्षकाच्या, एकमेकींवरून उतरवलेल्या वह्याच आपल्यासमोर का येतात? या प्रश्नाचे एक उत्तर खुल्या अध्यापनपद्धतीच्या विचारात सापडते. प्रस्तुत लेखात त्या विचाराचे स्वरूप, त्याचा एक छोटा अनुभव आणि त्यासाठी घ्यावयाची दक्षता यांचे विवेचन केले आहे.

संकल्पना

मराठीत ‘मुक्त’ म्हटले की प्रथम मुक्त विद्यापीठ आठवते. तेथे प्रवेश, वय व स्थळ यांची बंधने शिथिल असतात. येथे अभिप्रेत असलेला खुलेपणा वेगळा आहे. ‘मुक्त शैक्षणिक साधने’ ही संज्ञा युनेस्कोच्या २००२ मधील एका परिषदेतून रूढ झाली आणि २०१९ मध्ये युनेस्कोने या साधनांविषयी शिफारसही स्वीकारली. जे साहित्य कोणालाही जतन करता येते, वापरता येते, दुरुस्त करता येते, अन्य साहित्याशी जोडता येते आणि पुन्हा वाटता येते, ते मुक्त साधन होय. अमेरिकन अभ्यासक डेव्हिड वायली यांनी ही पाच मोकळिकींची चौकट मांडली.

साधन मुक्त असले म्हणजे अध्यापन खुले झाले असे मात्र नव्हे. वायली यांनी २०१३ मध्ये ‘टाकाऊ स्वाध्याय’ ही कल्पना मांडली. विद्यार्थी लिहितो, शिक्षक तपासतो आणि दोघेही ते विसरतात, अशा लेखनाला त्यांनी हे नाव दिले. याच्या उलट, विद्यार्थ्याच्या कामाला परीक्षकापलीकडचा वाचक मिळावा आणि पुढच्याला ते काम हाती घेऊन वाढवता यावे, हा खुल्या अध्यापनपद्धतीचा गाभा आहे. अमेरिकेतील प्लिमथ स्टेट विद्यापीठात रॉबिन डिरोझा यांनी स्वामित्वहक्क संपलेल्या जुन्या साहित्याचे संकलन विद्यार्थ्यांच्या साहाय्याने केले. त्यातील प्रस्तावनाही विद्यार्थ्यांनी लिहिल्या. महागड्या पाठ्यपुस्तकाच्या जागी विद्यार्थ्यांचा सहभाग असलेले पुस्तक वर्गात आले.

ही कल्पना सर्वस्वी नवीन नाही. फ्रान्समधील ग्रामीण शाळाशिक्षक सेलेस्तँ फ्रेने यांनी १९२० च्या दशकात वर्गात छोटे मुद्रणयंत्र आणले. मुले आपले अनुभव लिहीत, स्वतः छापत आणि दुसऱ्या शाळांना पाठवीत. आपल्याकडील भित्तिपत्रक आणि महाविद्यालयाचा वार्षिकांक यांची प्रेरणाही याच जातीची आहे. फरक इतकाच, की आपण विद्यार्थ्याच्या कवितेला वाचक दिला, त्याच्या अभ्यासाला दिला नाही.

एक अनुभव : विहिरींचा तक्ता

प्रस्तुत लेखकाच्या महाविद्यालयात बहुतेक विद्यार्थी आसपासच्या खेड्यांतून एस.टी.ने येतात. ‘पाणीटंचाई’ या विषयावरील एकसारख्या वह्यांचा कंटाळा येऊन एका वर्षी विषय बदलला. प्रत्येकाने आपल्या गावातील एका विहिरीतील पाण्याची पातळी ऑक्टोबरमध्ये एकदा व उन्हाळ्यात एकदा मोजावी आणि ती एका सामाईक तक्त्यात नोंदवावी, एवढेच काम होते.

अडचणी लगेच सुरू झाल्या. गावातील वडीलधारी माणसे विहिरीची खोली ‘परस’ या मापात सांगत आणि प्रत्येकाचे परस वेगळे निघे. म्हणून दोरीला दगड बांधून व टेप लावून प्रत्यक्ष मोजावयाचे ठरले. तक्ता पूर्ण झाला, गुण दिले गेले. आजवरच्या रीतीप्रमाणे काम येथेच संपले असते. परंतु या वेळी तो तक्ता पुढच्या वर्षाच्या वर्गाला आरंभीच्या तासाला दिला.

त्या वर्गातील एका विद्यार्थिनीला शेजारशेजारच्या दोन विहिरींच्या आकड्यांत अनाकलनीय तफावत दिसली. दोन्ही विहिरी पुन्हा मोजल्यावर कारण कळले. एकाने कठड्याच्या माथ्यापासून मोजले होते, दुसऱ्याने जमिनीपासून. कोठून मोजावे हे शिक्षकाने सांगितलेच नव्हते. दोष मूळ सूचनेत होता. तक्त्यात ‘मापनबिंदू’ हा नवा रकाना आला, कठड्याची उंची वजा करून जुने आकडे दुरुस्त झाले आणि प्रत्येक दुरुस्तीपुढे दिनांक व कारण लिहिले गेले. मापनाची विश्वसनीयता म्हणजे काय, हे अनेक व्याख्यानांतून जे उमगले नव्हते ते या एका चुकीने शिकवले. ती वही रद्दीत गेली असती तर ती चूकही रद्दीत गेली असती.

या पद्धतीचा खरा लाभ येथे आहे. एरवी प्रत्येक वर्ग शून्यापासून आरंभ करतो आणि शून्यावरच थांबतो. काम खुले ठेवले की दुसऱ्या वर्षाचा वर्ग पहिल्या वर्षाच्या खांद्यावर उभा राहतो. आज कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साधनांनी ‘पाणीटंचाई’वरील नीटनेटका निबंध क्षणार्धात मिळतो. परंतु आपल्या वाडीतील विहिरीत मेच्या दुसऱ्या आठवड्यात किती पाणी होते, हे त्या साधनाला सांगता येत नाही. त्यासाठी कोणीतरी दोरी घेऊन जावेच लागते.

हक्क, परवाना आणि संमती

विद्यार्थ्याचे काम खुले करण्यापूर्वी ते कोणाचे आहे, हे पाहिले पाहिजे. भारतीय स्वामित्वहक्क अधिनियम, १९५७ च्या कलम १७ नुसार सामान्यतः लेखक हाच कृतीचा प्रथम स्वामी असतो. विद्यार्थी महाविद्यालयाचा कर्मचारी नसल्याने त्याच्या प्रकल्पाची मालकी त्याचीच असते. आपण तपासला म्हणून तो आपला होत नाही. केवळ आकड्यांवर वा वस्तुस्थितीवर असा हक्क नसला, तरी लेखन, नकाशे व छायाचित्रे यांवर तो असतो. म्हणून पुढील बाबी आवश्यक ठरतात.

१) लेखी परवानगी : कृती कोठे व कशी वापरली जाईल हे सांगून विद्यार्थ्याची लेखी परवानगी घ्यावी. तो अठरा वर्षांखालील असल्यास पालकांचीही घ्यावी.

२) योग्य परवाना : २००२ पासून उपलब्ध असलेले क्रिएटिव्ह कॉमन्स परवाने येथे उपयोगी पडतात. लेखकाचा हक्क कायम ठेवून इतरांना काय करता येईल, हे त्यांतून आधीच जाहीर होते. ‘श्रेयनिर्देश व समान वाटप’ या प्रकारात मूळ कर्त्याचे नाव देणे आणि सुधारित आवृत्तीही त्याच अटीवर खुली ठेवणे बंधनकारक असते.

३) गुणांपासून फारकत : प्रकाशनास नकार देणाऱ्याचे गुण कमी होता कामा नयेत. आमच्या वर्गातील एका विद्यार्थिनीने नाव देण्यास नकार दिला. तिची नोंद निनावी ठेवली. नकाराचे कारण विचारले नाही.

४) तिसऱ्या व्यक्तीचे हित : एक विहीर दोन भावांच्या सामाईक मालकीची आणि वादातील निघाली. तक्त्यात मालकाचे नाव पाहून एका भावाने हरकत घेतली, आणि ती योग्यच होती. त्यानंतर सर्वच नावे व गट क्रमांक काढून विहिरींना केवळ अनुक्रमांक दिले. खुलेपणा विद्यार्थ्याच्या कामाचा असावा, गावाच्या खासगी व्यवहाराचा नव्हे.

मर्यादा

या पद्धतीत शिक्षकाचे काम कमी होत नाही, वाढते. गुण देऊन थांबता येत नाही. आकडा तपासावा लागतो, भाषा दुरुस्त करून घ्यावी लागते. संगणक व इंटरनेटची सोय सर्वत्र सारखी नसते. अशा वेळी ग्रंथालयात ठेवलेली, कोणालाही चाळता व उतरवून घेता येणारी नोंदवहीही पुरेशी आहे. तसेच प्रत्येक साहित्य प्रत्येक व्यासपीठाला चालत नाही. १ मे २००३ रोजी सुरू झालेल्या मराठी विकिपीडियावर गाव, नदी, पीक यांवरील संदर्भयुक्त लेख विद्यार्थी लिहू शकतात. परंतु तेथे अप्रकाशित मूळ संशोधनास स्थान नसल्याने विहिरींचे स्वतः मोजलेले आकडे तेथे देता येत नाहीत. शिवाय सर्वच लेखन खुले करण्याची गरज नाही. चुकत-माकत शिकण्यासाठी काही वह्या खासगीच राहिल्या पाहिजेत.

निष्कर्ष

खुली अध्यापनपद्धती म्हणजे नवे तंत्रज्ञान नव्हे. विद्यार्थ्याच्या कामाकडे पाहण्याची ती दृष्टी आहे. आपले लिखाण रद्दीत जाणार हे ज्याला ठाऊक आहे तो उतरवून काढतो. पुढच्या वर्षी कोणी ते वाचणार, तपासणार व वापरणार हे ज्याला ठाऊक आहे तो पुन्हा एकदा मोजून पाहतो. प्राध्यापकांनी आरंभ सर्व विषयांत करण्याची आवश्यकता नाही. एका अभ्यासक्रमातील एकच स्वाध्याय निवडावा, तो पुढच्या वर्गाच्या हाती देण्याजोगा करावा आणि पहिल्या वर्षाच्या चुका पुसून न टाकता दुरुस्तीसह जपाव्यात. आमच्या तक्त्यात अद्याप अनेक रकाने रिकामे आहेत. ते भरण्याचे काम आता पुढच्या वर्गाकडे आहे, आणि तो वर्ग शून्यापासून आरंभ करणार नाही.