कॉलेजची निवडणूक, भाग ४ : मतदार यादीपासून मतमोजणीपर्यंत

महाराष्ट्रातल्या कॉलेजांमधून निवडणुका हद्दपार कशा झाल्या, हे मागच्या भागात पाहिलं. १९८९ मध्ये मुंबईत ओवेन डिसूझा या विद्यार्थी उमेदवाराचा खून झाला. पुढे १९९४ च्या विद्यापीठ कायद्याने मतपेटी बाजूला सारून गुणपत्रिका पुढे केली. वर्गात पहिला आला तो सीआर, आणि असे सगळे सीआर मिळून आपल्यातूनच सचिव निवडणार. २०१६ च्या महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ कायद्याने ही पद्धत मोडीत काढली. १ मार्च २०१७ पासून हा कायदा लागू आहे. त्याच्या कलम ९९ प्रमाणे अध्यक्ष, सचिव, एक महिला प्रतिनिधी आणि राखीव प्रवर्गातला एक प्रतिनिधी कॉलेजच्या सगळ्या नियमित विद्यार्थ्यांनी थेट मतदानाने निवडायचे, आणि शिवाय प्रत्येक वर्गाने आपला एक. त्याचे परिनियम २०१८ मध्ये आले. २०१९ मध्ये वेळापत्रकही निघालं, पण विधानसभेची निवडणूक आडवी आली आणि मागोमाग कोरोना. २०२४ सरलं तरी मतपेटी काही कॉलेजात पोहोचली नव्हती.

ती उद्या पोहोचली तर काय होईल? या आठवड्यात वाशिम जिल्हा डोळ्यासमोर ठेवून नियम वाचू. वाशिम, रिसोड, मालेगाव, मंगरुळपीर, कारंजा आणि मानोरा असे सहा तालुके. १९९८ मध्ये अकोल्यातून वेगळा झालेला हा जिल्हा. इथली कला, वाणिज्य, विज्ञानाची कॉलेजं संत गाडगे बाबा अमरावती विद्यापीठाला जोडलेली आहेत. मुंबई-पुण्याच्या मानाने ती लहान. जवळच्या खेड्यांतून एसटीने येणारी मुलं, एकमेकांना नावागावानिशी ओळखणारे वर्ग. कॉलेज निवडणुकीचे नियम म्हटलं की लोकांना डीजे, बॅनर आणि मारामाऱ्या आठवतात. माझं म्हणणं असं, की लहान कॉलेजातली निवडणूक डीजेने बिघडत नाही. ती यादीत बिघडते, तारखेत बिघडते आणि मोजणीच्या टेबलावर बिघडते. हे सगळं शांतपणे घडतं, म्हणून त्याची बातमीही होत नाही.

नियमांचा पाया लिंगडोह समितीचा आहे. केरळमधल्या एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या सांगण्यावरून केंद्राने माजी मुख्य निवडणूक आयुक्त जे. एम. लिंगडोह यांच्या अध्यक्षतेखाली ही समिती नेमली, आणि २२ सप्टेंबर २००६ रोजी न्यायालयाने तिच्या शिफारशी देशभर लागू केल्या. गुणवत्ता यादीवरून प्रतिनिधी नेमण्याच्या पद्धतीवर समितीचं मत चांगलं नव्हतं. वातावरण फारच बिघडलेलं असेल तर तात्पुरती सोय म्हणून नेमणूक चालेल, पण तीही निव्वळ मार्कांवर नको, आणि पाच वर्षांत निवडणुकीकडे वळा, असं समितीने सांगितलं. महाराष्ट्रात तेव्हा नेमकी मार्कांचीच पद्धत चालू होती. ती पुढे आणखी दहा वर्षं चालली.

आता तारखेकडे येऊ. सत्र सुरू झाल्यापासून सहा ते आठ आठवड्यांत निवडणूक घ्या, आणि अर्ज भरण्यापासून निकालापर्यंत सगळं दहा दिवसांत उरका, असा लिंगडोहांचा नियम आहे. नियम चांगला आहे, कारण प्रचार लांबला की पैसा वाढतो. आपल्याकडे हे आठवडे ऑगस्ट-सप्टेंबरात येतात. त्यात पोळा, त्यात गणपती, महालक्ष्म्या, आणि सप्टेंबर उतरणीला लागला की सोयाबीनची सोंगणी. सोंगणीच्या दिवसांत खेड्यावरचा पोरगा कॉलेजात येत नाही, तो वावरात असतो. अशा दिवशी मतदान ठेवलं की शहरात राहणाऱ्या मुलांचा उमेदवार निम्मी लढाई जिंकलाच. वेळेचंही तसंच. मतदान अकराला सुरू करून दुपारी चारपर्यंत ठेवलं तर कागदावर पाच तास दिसतात. पण परतीची एसटी दीडची असेल तर त्या गावच्या मुलींसाठी अडीचच तास उरतात, आणि त्यातही तासिका. सकाळच्या पहिल्या गाडीपासून मतदान सुरू करायला एक रुपयाही जास्त लागत नाही. तारीख ठरवताना प्राचार्यांनी विद्यापीठाच्या परिपत्रकाबरोबर एसटीचं वेळापत्रकही समोर ठेवावं.

यादी हा त्याहून नाजूक भाग. मतदार कोण, तर नियमित प्रवेश घेतलेला विद्यार्थी. पण प्रवेश लांबतात, फी राहिलेली असते, शिष्यवृत्तीचा अर्ज अडकलेला असतो. ‘फी बाकी’ म्हणून नाव गाळायचं की ठेवायचं? हा निर्णय कारकुनाच्या टेबलावर झाला तर तिथेच निवडणूक झाली असं समजा. म्हणून यादी कोणत्या तारखेच्या प्रवेशावर धरायची ते आधी जाहीर व्हावं, कच्ची यादी नोटीस बोर्डावर लागावी आणि हरकतींना निदान तीन-चार दिवस मिळावेत. ग्रामपंचायतीच्या प्रभाग यादीवर हरकती घेणारे बाप घरोघरी आहेत, त्यांच्या मुलांना हे शिकवावं लागणार नाही.

उमेदवारीच्या अटींवर मात्र माझं लिंगडोहांशी पूर्ण जमत नाही. त्या वर्षी बॅक नसावा, ही अट मी समजू शकतो. गुन्हा किंवा शिस्तभंगाची कारवाई नसावी, हेही योग्य. पण विद्यापीठाने ठरवलेली किंवा ७५ टक्के, यांपैकी जी जास्त ती हजेरी उमेदवाराला हवी. हजेरीपट कोणाच्या हातात असतो? ज्या प्राध्यापकाचं उमेदवाराशी वाकडं आहे त्याच्याच हातात तो असू शकतो. आणि बापाबरोबर शेतात राबून शिकणारा मुलगा या अटीत अडकतो, तर काही न करता कट्ट्यावर बसणारा आणि ‘हजर सर’ म्हणून निघून जाणारा पार होतो. अट ठेवायचीच असेल तर उमेदवारी अर्जाच्या आधी आठवडाभर सगळ्यांची हजेरी भिंतीवर लावा. छाननीच्या दिवशी अचानक निघणारा हजेरीचा आकडा कोणालाच खरा वाटत नाही.

राखीव जागेचा हिशेब वरून सोपा दिसतो. अनुसूचित जाती, अनुसूचित जमाती, विमुक्त-भटक्या जमाती आणि इतर मागासवर्ग यांच्यात ही जागा आळीपाळीने फिरते. प्रवर्ग चार आणि पदवी तीन वर्षांची. मानोऱ्याच्या एखाद्या तांड्यावरचा बंजारा मुलगा बीएला आला आणि विमुक्त जातींची पाळी त्याच्या आदल्याच वर्षी होऊन गेली असेल, तर तो पदवी घेऊन बाहेर पडेपर्यंत ती जागा त्याच्या प्रवर्गाकडे परत येणार नाही. तो अध्यक्षपदाला उभा राहू शकतो, हे खरं. पण राखीव जागा ठेवली ती कशासाठी? बंजारा समाज इतक्या मोठ्या संख्येने असलेल्या जिल्ह्यात हा प्रश्न पुस्तकी राहत नाही. निदान पाळी कोणाची हे आधीच्याच वर्षी सर्वांसमोर ठरवून जाहीर करावं, म्हणजे तयारी करणाऱ्याला तयारी करता येईल. महिला प्रतिनिधीच्या जागेबद्दल एकच सांगतो: ती एक जागा मुलींसाठी आहे, बाकीच्या मुलांसाठी राखीव नाहीत.

खर्चाची मर्यादा दर उमेदवारामागे ५,००० रुपये. राजकीय पक्षाचा पैसा नको, छापील पोस्टर नको, लाऊडस्पीकर नको, निकालानंतर दोन आठवड्यांत हिशेब. पोस्टर हातानेच लिहिलेलं, आणि तेही ठरलेल्या जागीच. दिल्ली विद्यापीठात हे नियम इतके पायदळी तुडवले गेले, की २०२४ मध्ये भिंती साफ होईपर्यंत उच्च न्यायालयाने मतमोजणीच थांबवली. २७ सप्टेंबरला झालेल्या मतदानाचा निकाल २५ नोव्हेंबरला लागला. आपल्याकडे भिंतींपेक्षा धाबे जास्त रंगतील. ‘दादा’ने दिलेली पार्टी हिशेबात कुठेच येत नाही, कारण बिल दादाने भरलेलं असतं.

आता मतपेटीकडे. लोकसभेच्या आणि विधानसभेच्या निवडणुकीत कागदी मतपत्रिका होत्या तेव्हा फुलीचा जो शिक्का मारायचा, त्याच्या रेघा मुद्दाम एका दिशेने वळवलेल्या असत. मतपत्रिका घडी केली आणि ओली शाई समोरच्या भागावर उमटली, तर उमटलेला ठसा उलटा दिसतो. मूळ शिक्का कोणता आणि डाग कोणता, हे मोजणाऱ्याला लगेच कळतं, आणि मत बाद होत नाही. कॉलेजात पेनने फुली मारायला सांगितलं की दोन गोष्टी बिघडतात. डागावरून वाद होतो, आणि कोणी हिरव्या शाईने फुली मारली हे वर्गाला ओळखता येतं. शिक्का आणि एकाच रंगाची शाईगादी ठेवली की दोन्ही प्रश्न मिटतात.

गुप्ततेचा खरा कस लहान वर्गात लागतो. एमएच्या एखाद्या वर्गात नऊ जण असतात. अध्यक्षपदाची मतं वर्गवार मोजली, तर कोणत्या वर्गाने कोणाला झिडकारलं ते संध्याकाळपर्यंत गावभर होतं, आणि पुढचं वर्षभर त्याचा हिशेब चुकता केला जातो. देशाच्या निवडणूक नियमांतही याचा विचार आहे. १९६१ च्या नियमांतला ५९-अ हा नियम दहशतीची शक्यता असेल तिथे वेगवेगळ्या केंद्रांच्या मतपत्रिका एकत्र मिसळून मोजायची मुभा देतो. मतदान यंत्रांसाठी तशीच सोय करायचं निवडणूक आयोगाने २००८ मध्ये सुचवलं होतं, सरकारने ते मानलं नाही. कॉलेजच्या हाती मात्र कागद आहे. अध्यक्ष, सचिव आणि बाकी कॉलेजभरच्या पदांच्या सगळ्या मतपत्रिका आधी एका टेबलावर मिसळाव्यात, मग मोजाव्यात. मतपत्रिकांची एकूण संख्या वर्गवार जुळवून घ्यायची, उलगडायच्या नाहीत. हा एक नियम पाळला तरी अर्धी भीती जाते.

दुसरी भीती ‘बिनविरोध’ची. गावच्या राजकारणात बिनविरोध हा मोठेपणा मानतात. जानेवारी २०२१ मध्ये राज्य निवडणूक आयोगाने नाशिक जिल्ह्यातलं उमराणे आणि नंदुरबार जिल्ह्यातलं खोंडामळी इथल्या ग्रामपंचायत निवडणुका रद्द केल्या, कारण तिथे पदांचा लिलाव झाल्याचं समोर आलं. तोच कित्ता कॉलेजात गिरवला जायला वेळ लागणार नाही. अर्ज मागे घेणाऱ्याने स्वतः येऊन, कॅमेऱ्यासमोर सही करावी, भावाच्या किंवा मित्राच्या हाती चिठ्ठी पाठवून नव्हे.

हा सगळा कारभार बघणार कोण? प्राचार्य. आणि प्राचार्यांना नेमणारी संस्था, जिच्या संचालक मंडळावर अनेकदा आजी-माजी आमदार, जिल्हा परिषद सदस्य बसलेले असतात. त्यांच्याच कॉलेजात त्यांच्या कार्यकर्त्याचा पोरगा उभा असेल तर प्राचार्यांनी काय करावं, हे नियमात लिहिलेलं नाही. निवडणूक अधिकारी शेजारच्या तालुक्यातल्या कॉलेजचा असावा, असं माझं स्पष्ट मत आहे. कारंज्याचा प्राध्यापक रिसोडला, रिसोडचा कारंज्याला. खर्च एका दिवसाच्या प्रवासभत्त्याचा.

विद्यापीठ पातळीवर गंमत आणखी वाढते. तिथली पदं सगळे विद्यार्थी निवडत नाहीत, कॉलेजांमधून निवडून आलेले प्रतिनिधी निवडतात. त्यामुळे दोनशे मुलांच्या कॉलेजच्या प्रतिनिधीचं मत दोन हजारांच्या कॉलेजच्या मताइतकंच वजनदार ठरतं. वाशिमसारख्या जिल्ह्याला ही संधीच आहे, कारण विद्यापीठाच्या विद्यार्थी परिषदेचे अध्यक्ष आणि सचिव अधिसभेत बसतात. पण मोजके मतदार म्हटले की आपल्याकडे ‘सहल’ आलीच. जिल्हा परिषद अध्यक्षाच्या निवडीआधी सदस्य कुठे नेतात, ते वाचकांना सांगायला नको. त्यावर उपाय काय, हा पुढच्या आठवड्याचा विषय.

तोवर एक काम करता येईल. लिंगडोह शिफारशींप्रमाणे प्रत्येक संस्थेत तक्रार निवारण कक्ष असायला हवा. विद्यार्थी कल्याणाचे प्रमुख, एक ज्येष्ठ प्राध्यापक, एक ज्येष्ठ प्रशासकीय अधिकारी आणि शेवटच्या वर्षाचे दोन विद्यार्थी, एक मुलगा व एक मुलगी. निकालानंतर तीन आठवड्यांत आलेल्या तक्रारी या कक्षाने ऐकायच्या असतात. आपल्या कॉलेजात निवडणूक लागेल तेव्हा या कक्षात कोण असेल, हे आजच कार्यालयात विचारा आणि उत्तर लेखी मागा.