मालवण किनाऱ्यावरील रापण

वसमत तालुक्यात हळदीची काढणी, शिजवणी व वाळवणी आटोपली म्हणजे शेतकऱ्यास थोडी उसंत मिळते. त्या दिवसांत तुळजापूर, पंढरपूर अशी देवदर्शने होतातच. एखाद्या वर्षी कोल्हापूरच्या अंबाबाईचे दर्शन घेऊन पुढे फोंडाघाट उतरावा व कणकवलीवरून मालवण गाठावे. सिंधुदुर्ग किल्ला पाहण्यासारखा आहेच. परंतु शेतकऱ्याने आवर्जून पाहावी ती तेथील रापण.

रापण म्हणजे किनाऱ्यावरून ओढावयाचे लांबलचक जाळे. त्याचे एक टोक वाळूवर माणसांच्या हाती असते. बाकीचे जाळे होडीत घालून समुद्रात नेतात आणि अर्धवर्तुळाकार सोडीत दुसरे टोक काही अंतरावर किनाऱ्यास आणतात. मग दोन्ही बाजूंनी माणसांच्या रांगा दोर ओढू लागतात व घेर आवळत येतो. जाळे केव्हा टाकावे हे ठरविणे सर्वांत कठीण. बांगडा व तारली हे मासे थव्याने फिरतात. थवा वर आला की पाणी काळसर दिसते, पक्षी घिरट्या घालतात. जाणता रापणकर या खुणांवरून होडी सोडावयास सांगतो.

हे काम एकट्यादुकट्याचे नव्हे. जाळ्याचे तुकडे अनेक घरांचे असतात व मिळालेल्या मासळीचे जाळे, होडी आणि श्रम यांनुसार वाटे पडतात. आपल्याकडील इर्जिकीशी याचे नाते सहज ध्यानात येईल. मात्र इर्जिकीत पीक एकाचे असते, रापणीत ते सर्वांचे.

वसई व पालघरकडे रापणीऐवजी डोल जाळ्याचा प्रघात अधिक. तेथे भरती-ओहोटीचा ओढ जोरकस असल्याने जाळे प्रवाहासमोर बांधून ठेवले की बोंबील आपोआप आत येतो. दक्षिणेस हा ओढ कमी. मासळीस घेरावेच लागते.

रापणीपुढील अडचण खोल समुद्रात आहे. यांत्रिक नौकांचे पर्ससीन जाळे थव्याला वेढून, बटव्याची नाडी ओढावी तसे, खालून बंद होते. थवा तेथेच उचलला गेला तर किनाऱ्यावर पन्नास माणसांनी ओढलेले जाळे रिकामे येते. महाराष्ट्रात सागरी मासेमारी नियमनाचा कायदा १९८१ साली झाला. २०१६ साली पर्ससीन मासेमारीवर निर्बंध घालण्यात आले. तरीही तंटा मिटलेला नाही.

हा प्रश्न वसमतपासून वाटतो तितका दूर नाही. पूर्णा नदीवरील येलदरी व सिद्धेश्वर या जलाशयांतही मासेमारी चालते. कटला, रोहू व मृगळ हे मासे पावसाळ्यात वाहत्या पाण्यात अंडी घालतात. साठलेल्या पाण्यात त्यांची वीण सहसा होत नाही, म्हणून मत्स्यबीज सोडावे लागते. बोटाएवढी पिलू योग्य खाद्य मिळाल्यास वर्षभरात किलोच्या आसपास भरते. जाळ्याचा आस बारीक ठेवून तीच पिलू चौथ्या-पाचव्या महिन्यात काढणे म्हणजे हिरव्या ओंब्या कापण्यासारखे होय. कोकणात १ जूनपासून यांत्रिक नौकांची मासेमारी बंद राहते, त्यामागेही विणीचे कारण आहे.

मालवणास जाणाऱ्याने हंगाम पाहून निघावे. रापण पावसाळा सरल्यावर सुरू होते व उन्हाळ्यात संपत येते. पहाटेच किनाऱ्यावर पोहोचावे आणि दोरास हात लावावा. ओढणाऱ्या पाहुण्यासही चार बांगडे देण्याची तेथे रीत आहे.