आमचे गायरान आणि शतावरी

बालाघाटाच्या माळावर पावसाळ्यात तरवडाची पिवळी फुले सगळीकडे दिसतात. तरवडाला जनावरे तोंड लावीत नाहीत; म्हणून अति चराईच्या गायरानात तोच माजतो. शतावरीचे तसे नाही. तिचे कोवळे कोंब खाल्ले जातात, ती बोरीच्या जाळीतच तग धरते. आमची आजी बाळंतिणीच्या दुधासाठी तिच्या मुळ्या आणी. निम्म्या घेई, गड्डा मातीत ठेवी. विकणारे सगळेच उपटतात. सरपणाला जाळी तुटते, मागून नांगर येतो.

पाटोदा तालुक्यातील नायगावचे रान १९९४ साली मयूर अभयारण्य म्हणून राखीव झाले. गायरान असे राखीव केले तर शेळ्यामेंढ्या कुठे जातील? माझ्या मते निम्मे गायरान आळीपाळीने, हिवाळ्यात बी पडेपर्यंत, राखावे. जाळीला मात्र कुऱ्हाड लावू नये.